दोन आणि तीनच्या मधे

वटवाघूळ एरवी उलटं लटकतं, पण मुतायच्या वेळी सुलटं होतं. पंखांच्या अंगठ्यांनी फांदी धरतं, डोकं वर घेतं आणि खाली सोडून देतं. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. नंदुरबारच्या आमच्या घरामागे चिंच आहे, चिंचेजवळ माझी कपड्यांची दोरी आहे, आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून मी हे बघते आहे. पहिल्याच आठवड्यात माहेरून आणलेल्या पांढऱ्या चादरीवर पपईच्या रंगाचा ओघळ दिसला, तेव्हा मला वाटलं, वरून कुणी काही सांडलं. सासूबाई म्हणाल्या, सांडलं नाही, झालं.

शहाद्याकडच्या पपईच्या बागांत रात्रभर चरायचं आणि दिवसा आमच्या चिंचेवर येऊन रितं व्हायचं, असा त्यांचा नेम. फळ चावायचं, रस गिळायचा आणि चोथ्याची गोळी थुंकून द्यायची. त्या गोळ्या अंगणात वाळतात आणि चपलेखाली येतात. मागची भिंत जांभळांच्या दिवसांत जांभळी असते आणि एरवी पिवळी. आणि वास. ओलं कुत्रं, आंबलेलं फळ आणि आजाऱ्याचं अंथरूण एका खोलीत कोंडलं तर त्या वासाच्या जवळपास जाता येईल. मी प्राथमिक शाळेत शिकवण्यात उभा जन्म काढला, पोरांची शेंबडी नाकं पुसली, वर्गातल्या ओकाऱ्या झाडल्या. पण या प्राण्याची आली तशी शिसारी मला दुसऱ्या कशाची आली नव्हती.

नवऱ्याला मात्र ही वटवाघळं आवडायची. (त्याला मी लिहिताना तो म्हणते, समोर आयुष्यभर तुम्ही म्हणत आले.) संध्याकाळी बाजारातून आला की मागच्या ओट्यावर चहा घेऊन बसायचा. त्याच्या सदऱ्यातून मिरचीचा खकाणा झडायचा, मी शिंकत बसायची, आणि वर चिंचेवर उठायची वेळ झाल्यामुळे भांडणं सुरू झालेली असायची. एक दुसऱ्याला फांदीवरून ढकलतंय, तिसरं मधे ओरडतंय, सगळ्यांची एकच किचकिच. मी म्हणायची, माणसं बोलवा आणि फांद्या छाटून टाका. तो वर बघत म्हणायचा, "ऱ्हाऊ दे ना. त्यासना बी बाजार शे." त्यांचाही बाजारच आहे म्हणे.

तो मिरची बाजारात लिलाव पुकारायचा. ओल्या लाल मिरचीच्या ढिगापुढे उभा राहायचा, समोर तोंडाला रुमाल बांधलेल्या व्यापाऱ्यांचा घोळका, आणि भाव इतक्या झपाट्यानं पुकारायचा की डबा घेऊन गेलेल्या मला त्यातला एक शब्द धड कळायचा नाही. मग एकदम म्हणायचा, एक. मग, दोन. आणि मग गप्प. बाकीचे पुकारणारे दोनाला तीन चिकटवून मोकळे होतात, कारण पुढे ढीग रांगेत असतात. हा घाई करायचा नाही. दोन म्हणून उभा राहायचा, समोरच्यांच्या तोंडाकडे बघत. ते गप्प राहणं व्यापाऱ्यांना सोसायचं नाही आणि कुणाची तरी जीभ सुटून भाव चढायचाच. शेतकरी आपल्या ढिगासाठी त्याचीच वाट बघत थांबायचे, ते त्या आवाजासाठी नाही, त्या गप्प राहण्यासाठी.

दिवाळी सरली, मिरचीची आवक वाढली, आणि एका संध्याकाळी ओट्यावर त्याच्या हातातला चहाचा पेला निसटला. मला आधी वाटलं, वरून काही पडलं म्हणून दचकला असेल. वर बघून मी वटवाघळांना शिवी घातली आणि मग त्याचं तोंड बघितलं. सुरतेला नेलं. तिथून परत आणलं तेव्हा उजवा हात लुळा होता, पाय ओढत होता आणि बोलणं गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत, पण ऐकलेलं बोलणं उलगडणारा मेंदूचा भाग दुखावलाय. त्यांना किती कळतं ते आज सांगता येणार नाही. म्हणजे मी एक माणूस घरी आणला आणि तो आत आहे की नाही हेच मला माहीत नव्हतं. चालणं, हात, घास भरवणं, हे सगळं मी सोसलं असतं. मला फक्त एवढं कळायला हवं होतं.

आणि हे कळण्याच्या आड आले भेटायला येणारे. आपल्याकडे माणूस आजारी पडला की भेटायला जायचंच असतं, आणि भेटायला गेलं की परीक्षा घ्यायचीच असते. म्हसावदची लांबची नातलग मंडळी गाडी भरून आली. गल्लीतले आले, बाजारातले आले, ज्यांच्याशी त्याचं कधी बोलणंही नव्हतं तेही आले. प्रत्येकानं चपला काढल्या, पलंगाच्या कडेला बसला आणि त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडला, "माले वळखं का?" कान चांगले आहेत हे मी सांगून दमले. त्यानं ओठ हलवायच्या आत हेच लोक उत्तर द्यायचे, मी तुमचा अमका, आपण तमक्याच्या लग्नात भेटलो होतो. त्याचं तोंड पहिल्या प्रश्नाशीच असायचं तेवढ्यात दुसरा प्रश्न, तिसरा, मग माझ्याकडे वळून एक उसासा. गेलं हो डोकं. त्याच्यासमोर. मग चहा.

एकाच्या तोंडात तंबाखू होती. "वळखं का" म्हणताना तिचे कण नवऱ्याच्या गालावर उडाले, आणि तो पुसायला डावा हात उचलत होता तर ह्या गृहस्थानं तो हात पकडून हलवला आणि खूश होऊन म्हणाला, बघा, रामराम केला. नंतर बाहेर जाऊन माझ्या तुळशीच्या कुंडीत थुंकला. मला त्या दिवशी वटवाघळांची गोळी बरी वाटली. निदान ती भेटायला येत नाहीत.

त्यातच मुलगी आली. ती दक्षिणेत एका प्रयोगशाळेत काम करते, आणि काम काय, तर वटवाघळांचा मेंदू. मी चादरी धूत आयुष्य घालवलं आणि माझ्या पोटच्या पोरीनं हेच शोधून काढलं. त्यातही मोठी, फळं खाणारी नाहीत, छोटी, किडे खाणारी. ज्यांना आपण पाकोळ्या म्हणतो. पाकोळीच्या मेंदूत केसाहून बारीक तार घालतात आणि तिला आवाज ऐकवतात; कुठल्या आवाजाला मेंदूतली कुठली पेशी उत्तर देते ते बघतात. हे तिनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आम्ही जेवत होतो. मी घास खाली ठेवला. तिनं समजावलं, भूल देतात, दुखत नाही, परवानग्या असतात. मी म्हटलं, ताट उचल आणि जा. जिवंत प्राण्याचं डोकं उघडणाऱ्या हातांनी ती पोळी मोडत होती, हे मला आजही आठवतं आणि आजही आवडत नाही.

या वेळी आली तेव्हा दोन दिवस बापाजवळ बसली. तिसऱ्या संध्याकाळी मी भाजी निवडत मागच्या ओट्यावर गेले तर ही चिंचेखाली उभी, हातात बोंडासारखा माइक, कानाला हेडफोन, आणि वरची भांडणं टिपून घेते आहे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तुझा बाप आत मुका पडलाय आणि तुला या घाणेरड्या जनावरांची बडबड ऐकायची आहे, असं मी बरंच काही बोलले, आणि शेजारच्यांना ऐकू जाईल असं बोलले. तिनं हेडफोन काढला. रडेल असं वाटलं, पण ती बापाची लेक आहे. ती गप्प उभी राहिली, माझं संपेपर्यंत. मग म्हणाली, "आई, बठ. तुले ऐकाडस."

लॅपटॉपवर तिनं आधी ते जसंच्या तसं लावलं. नेहमीची किचकिच. मग त्यातला एक तुकडा तिनं कापला आणि ताणला, तसा तो एक आवाज उरला नाही. पडद्यावर ठिपके होते, आखूड, लांब, पुन्हा आखूड, आणि त्यांच्यामधे कोऱ्या जागा. ती म्हणाली, आपल्याला ओरडणं ऐकू येतं, त्यांना ठिपके आणि कोऱ्या जागा ऐकू येतात. तिच्या पाकोळ्यांच्या मेंदूत काही पेशी अशा आहेत की आवाज ठराविक लांबीचा असेल तरच उत्तर देतात. त्याहून आखूड असला तर गप्प, लांब असला तरी गप्प. काही पेशींना आवाजाशी देणंघेणंच नाही, दोन आवाजांमधलं अंतर बरोबर असेल तरच त्या जाग्या होतात. मी विचारलं, पेशीला घड्याळ असतं का? घड्याळ नसतं, म्हणाली. एकाच आवाजाच्या दोन बातम्या तिच्याकडे वेगवेगळ्या वाटांनी येतात, एक थांब म्हणणारी आणि एक चल म्हणणारी. आवाजाची लांबी बरोबर जुळली तर थांब सरतं तेव्हाच चल पोचतं, आणि पेशी बोलते. जुळलं नाही तर एक बातमी दुसरीला खाऊन टाकते.

मला ते ऐकतानासुद्धा कसंतरी होत होतं, कारण हे कळायला कुणाच्या तरी डोक्यात तार गेली होती. पण मी उठले नाही. मी विचारलं, आणि कोऱ्या जागा काढून टाकल्या तर? तिनं तेही करून बघितलं होतं. तोच आवाज, तेवढाच मोठा, फक्त मधली अंतरं पुसलेली. पेशी पहिल्या ठिपक्याला बोलली आणि पुढे काहीच नाही. मेली का? मेली नाही, ती तयार व्हायच्या आत पुढचा आवाज येऊन आदळला, म्हणाली. आणि आवाज हळू करून नुसता ताणला तरीही ती बोलत नाही, कारण मग ठिपका लांबतो आणि ओळखीचा राहत नाही. ठिपका तसाच ठेवायचा आणि जागा द्यायची.

मी भाजीच्या ताटाकडे बघत बसले. डॉक्टरांनी हळू बोला म्हटलं होतं. त्यावर आम्ही सगळे त्याच्याशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं लांबवून, हेल काढून बोलत होतो. मी पोरीला म्हटलं, तुझ्या बापाचंही असंच असेल. ती लगेच मागे सरली. असं म्हणता येत नाही, पाकोळीचा मेंदू वेगळा, माणसाचा वेगळा, बाबांचा दुखावलेला. माझ्या कामावरून असं काही सांगणं चुकीचं होईल. मी म्हटलं, मग ते काम चुलीत घाल. तिच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं, आणि मला दोघींचाही वीट आला.

दुसऱ्या दिवशी बाजारातले त्याचे सोबती आले. ते आपसात ठरवूनच आले होते: ज्यानं जन्मभर लिलाव पुकारला तो लिलावाच्या आवाजानं जागा होईल. एकानं पिशवीतून ओंजळभर मिरच्या काढून त्याच्या मांडीवर टाकल्या, ओळखीचा वास म्हणून. दुसरा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून पुकारू लागला, बाकीच्यांनी बोली लावायला सुरुवात केली. बंद खोलीत सगळे एकदम, एकमेकांवर चढून, बाजारात असतं त्याच्या दुप्पट वेगानं. एक-दोन-तीन एका दमात, आणि पुन्हा पहिल्यापासून. एकजण मोबाइल धरून चित्रण करत होता. नवऱ्याचं तोंड एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे वळत होतं आणि कुठेच पोचत नव्हतं. मग खकाणा घशात गेला. तो खोकू लागला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तोंडातून लाळ गळली. आणि ही मंडळी गहिवरली. दादा रडले, दादांना आठवलं, म्हणत चित्रण करणाऱ्यानं मोबाइल त्याच्या तोंडाजवळ नेला.

मी मिरच्या गोळा केल्या, पिशवीत कोंबल्या, ती आणणाऱ्याच्या छातीवर आपटली आणि सगळ्यांना बाहेर काढलं. चहा न देता. या घरातून चहा न घेता गेलेले ते पहिले पाहुणे. मी नवऱ्याचं तोंड पुसलं. इतकी किळस मला कधीच आली नव्हती. त्याचीच कला, आणि तिच्यातलं जे त्याचं होतं तेवढंच नेमकं काढून टाकून त्यांनी ती त्याच्या अंगावर फेकली होती. दोन आणि तीनच्या मधे त्यांनी काहीच ठेवलं नव्हतं.

संध्याकाळी धाकटे दीर आले. ते मधल्या काळात एक गोष्ट ठरवून बसले होते: चिंचेच्या फांद्या छाटायच्या. घरावर अवकळा आली ती या जनावरांमुळे, असं भावकीत सगळ्यांचंच मत झालं होतं, आणि माणसं सकाळी यायची होती. मुलीनं सांगून बघितलं की या प्राण्यांना कायद्याचं संरक्षण आहे. त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि माझ्याकडे वळले. वैनी, तुमचंच तर म्हणणं होतं ना इतकी वर्षं. खरंच होतं. मला हो म्हणायला काहीच अडचण नव्हती. आतापर्यंत मला अडवलं होतं ते एका माणसानं, आणि तो पलंगावर बसून खिडकीबाहेर बघत होता.

मी म्हटलं, त्यांना विचारते. दीर हसले. वाईट नाहीत ते, थकले होते तेही. हलक्या आवाजात, पण त्याच्यासमोरच म्हणाले, "दादाले आते काय समजस, वैनी?"

मी स्टूल ओढून नवऱ्यासमोर बसले. मोठ्यानं बोलले नाही, हेल काढला नाही. नेहमीसारखी, चिडून बोलते तशीच बोलले.

"चिंच."

त्यानं खिडकीवरून तोंड वळवलं. मी थांबले. त्याची नजर माझ्या तोंडावर आली आणि तिथे टिकली, तेव्हा पुढचं म्हटलं.

"छाटी टाकूत का?"

आणि गप्प बसले. हे लिहायला सोपं आहे. बसून बघा. समोरचा माणूस बघतो आहे आणि काही होत नाही, आणि आपल्या जिभेच्या टोकावर तोच प्रश्न पुन्हा, दुसरा प्रश्न, त्याचं उत्तर, सगळं येऊन उभं राहतं. मागे चिंचेवर भांडणं सुरू झाली. वास आला, संध्याकाळी येतो तसाच, खिडकीतून सरळ आत. दीर काही बोलायला गेले, मी त्यांच्याकडे न बघता हात आडवा धरला. दारात मुलगी उभी होती. तिला हाक मारावी असं वाटलं, हे बरोबर आहे का विचारावं असं वाटलं, नाही मारली. दिरांसाठी ठेवलेल्या चहावर साय धरली. मला वाटलं, नाही. तो आत नाही. मी एका रिकाम्या घराच्या दाराशी बसले आहे आणि सगळ्यांना दिसतंय, फक्त मला दिसत नाहीये. तरी मी तोंड उघडलं नाही, ते विश्वासानं नाही, हट्टानं. बाजारात बघितलं होतं मी त्याला. तो असाच उभा राहायचा.

त्याचे ओठ हलले, बंद झाले, पुन्हा हलले. डाव्या हाताची बोटं चादरीवर एकदा वळली. आवाज घोगरा होता, ओला होता, पण शब्द धड होते.

"ऱ्हाऊ दे."

दिरांनी खुर्चीवरून उठून टोपी काढली आणि पुन्हा घातली. मग मोबाइल घेऊन बाहेर गेले, आणि उद्या येऊ नका म्हणून माणसांना सांगताना त्यांचा आवाज मला ऐकू आला. मुलगी दारातच खाली बसली होती. मी नवऱ्याकडे बघत होते. आणि खरं सांगते, पहिला विचार मनात आला तो असा की आता हा वास मेलेपर्यंत सुटत नाही. मग मी रडले.

आता तो थोडं बोलतो. एक शब्द, कधी दोन. भेटायला येणाऱ्यांना मी दारातच सांगते, एक गोष्ट विचारायची आणि तोंड मिटून बसायचं. बहुतेकांना ते जमत नाही, आणि ते मग येत नाहीत. मुलगी परत गेली. जाताना म्हणाली, एकदा घडलं म्हणून ते तसंच आहे असं सिद्ध होत नाही. मी म्हटलं, तू सिद्ध करत बस, पण त्या पाकोळ्यांना सोडून दे. ते तिनं मान्य केलेलं नाही.

काल स्वच्छ पांढरी चादर वाळत घातली होती. दुपारी काढायला गेले तर मधोमध पिवळा ओघळ, वर पपईच्या बिया. मी चिंचेखाली उभी राहून त्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला, आईबापांपासून सुरुवात करून. दमले आणि थांबले, आणि थांबूनच राहिले, हातात ती घाण चादर घेऊन, खिडकीकडे कान लावून. बराच वेळ काही आलं नाही. मग आतून तो हसला.